डिझेल की पेट्रोल? हिशेब कारू ते तांदी करा

पत्र : मी आणि पत्नी, दोघंही यंदा निवृत्त झालो. सांगलीत राहतो. २० ऑगस्टला निघून श्रीनगर, लेह, हानले, उमलिंग ला, मनाली, स्पिती, तिथून नेपाळ, मग तवांग आणि परत, असा अडीच महिन्यांचा, साधारण १४,००० किलोमीटरचा बेत आहे. त्यासाठी पंधरा-सोळा लाखांची नवी एसयूव्ही घ्यायची आहे आणि तीच पुढची दहा-बारा वर्षं वापरायची आहे. एरवी गाडीचं काम थोडंच : नातवाला तीन किलोमीटरवरच्या शाळेत सोडणं-आणणं, बाजार आणि महिन्यातून एकदा पुण्याला लेकीकडे. घरात एक स्कूटरही आहे. शोरूमवाले डिझेल घ्या म्हणतात. आमचा मेकॅनिक म्हणतो, ‘बीएस-६ डिझेलच्या नादी लागू नका.’ मेव्हणे सीएनजी सुचवतात, मुलगा इलेक्ट्रिक. काय घ्यावं?

उत्तर : तुमचे शोरूमवाले आणि मेकॅनिक, दोघंही खरं बोलताहेत. एक तुमच्या अडीच महिन्यांबद्दल बोलतोय आणि दुसरा नंतरच्या दहा वर्षांबद्दल. हे दोन हिशेब वेगळे मांडले की निर्णय सोपा होतो.

आधी पैशांचं बघू, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. समजा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारी) पेट्रोल गाडी १५ लाखांची आहे आणि तीच डिझेलमध्ये सव्वासोळा लाखांना. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या गाडीवर एकरकमी रोड टॅक्स पेट्रोलला १२ टक्के आणि डिझेलला १४ टक्के. म्हणजे एकात १ लाख ८० हजार, दुसऱ्यात २ लाख २७ हजार ५००. किमतीतला फरक धरून डिझेल पावणेदोन लाखांनी महाग पडतं. आता प्रवास. १४,००० किलोमीटरला डिझेलचं ॲव्हरेज १४ धरलं तर १,००० लिटर, पेट्रोलचं ११ धरलं तर १,२७० लिटर. हिशेबापुरते डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये धरा. या फेरीत डिझेल चाळीस-बेचाळीस हजार वाचवेल. परत आल्यावर वर्षाला ८,००० किलोमीटर चालवलीत तर वर्षाला २४ हजारांच्या आसपास. जास्तीचे पैसे वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागतील. निव्वळ बचतीसाठी डिझेल घेऊ नका.

‘घाटात डिझेलच ओढतं’ हेही आता पूर्वीइतकं खरं नाही. साध्या, टर्बो नसलेल्या १.५ लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, १४५ एनएमच्या आसपास असतो आणि तोही ४,५०० आरपीएमला मिळतो. तेवढ्याच आकाराच्या डिझेलला २५० एनएम १,५०० आरपीएमपासून मिळतो. पण टर्बो पेट्रोलही आज तिथवर पोहोचलंय. तुमच्यासाठी खरी तफावत टर्बो असलेल्या आणि नसलेल्या इंजिनात आहे. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद ढोबळमानाने दहा टक्क्यांनी घटते. खारदुंग ला किंवा चांग ला या लडाखच्या खिंडींत, म्हणजे ५,३०० मीटरच्या पुढे, हवेचा दाब जवळपास निम्म्यावर येतो. ११५ पीएसची गाडी तिथे साठ पीएसचीही राहत नाही. त्यात दोन माणसं, सामान, कॅन. हेअरपिन वळणावर पहिला गिअर टाकूनही गाडी घुटमळते, क्लच जळल्याचा वास येतो. टर्बो हवा दाबून आत ढकलतो, म्हणून त्याची घट बरीच कमी. स्ट्राँग हायब्रिडमधलं पेट्रोल इंजिनही बहुधा टर्बोविनाच असतं. लांबलचक चढाला बॅटरी रिकामी झाली की सगळा भार त्यावरच येतो. तेव्हा टर्बो नसलेलं पेट्रोल आणि हायब्रिड, दोन्ही यादीतून काढून टाका.

सीएनजीचं थोडक्यात. मनाली-लेह रस्त्यावर सीएनजी पंप नाही आणि डिकीची बरीचशी जागा सिलिंडर खातो. सांगली-पुणे करायला उत्तम, या फेरीला नाही. इलेक्ट्रिकबद्दल मुलाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही : विरळ हवेचा तिच्या मोटरवर परिणाम होत नाही, उतारावर बॅटरी काही प्रमाणात परत भरते आणि नेपाळमध्ये तर नव्या गाड्यांत इलेक्ट्रिकचं प्रमाण मोठं आहे. पण लेह-मनाली आणि हानलेच्या पट्ट्यात चार्जिंगच्या भरवशावर राहण्याची आज तुम्हाला सक्ती नाही, तर ती ओढवून का घ्यायची?

उरले दोन : टर्बो पेट्रोल आणि डिझेल. इथे बघायचं ते तुमच्या मार्गातला दोन पंपांमधला सगळ्यात लांब टप्पा. चौदा हजार किलोमीटरांपैकी तेरा हजारांवर पंप आपोआप येत राहतात. तुमचा निर्णय त्या उरलेल्या हजारात आहे.

केलाँगजवळच्या तांदीच्या पंपावरचा फलक प्रसिद्ध आहे : पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तुम्ही श्रीनगरकडून येऊन मनालीकडे उतरणार (उंचीची सवय होण्यासाठी हाच क्रम बरा), म्हणजे तुमच्यासाठी शेवटचा पंप लेहच्या पुढे ३५ किलोमीटरवर कारूला आणि पुढचा थेट तांदीला. साधारण ३३० किलोमीटर, वाटेत तंगलांग ला, लाचुंग ला, नकी ला, बारालाचा. चढ, खडी आणि दुसऱ्या गिअरमध्ये डिझेलचं ॲव्हरेज १० वर येतं, टर्बो पेट्रोलचं ७-८ वर. टाकी ५० लिटरची असेल तर डिझेलला ३३ लिटर लागतील आणि १७ शिल्लक राहतील. पेट्रोलला ४५ लिटर. टाकीत उरतं ते जेमतेम काटा तळाला टेकण्याइतकं. वीस लिटरचा एक कॅन घेतला की पेट्रोल गाडीही हा टप्पा निवांत पार करते. एवढ्यावरून पेट्रोल बाद होत नाही.

बाद करतो तो उमलिंग ला. ५,७९८ मीटरवरच्या या खिंडीसाठी लेहहून हानले साधारण २६० किलोमीटर, हानलेहून खिंड गाठून परत १७०, आणि हानलेहून कारूला उतरेपर्यंत आणखी सव्वादोनशे. बेरीज ६५० च्या पुढे जाते. मधल्या एखाद्या पंपावर भिस्त ठेवू नका. पंप असला तरी त्या दिवशी टँकर आलेला असेलच असं नाही. पेट्रोलचं ॲव्हरेज ८ आणि डिझेलचं १० धरलं तर पेट्रोलला ८२ लिटर लागतात, डिझेलला ६५. आता कायदा बघा. पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय, गाडीच्या टाकीव्यतिरिक्त, गाडीमालकाला स्वतःच्या गाडीसाठी पेट्रोल १०० लिटरपर्यंत बाळगता येतं, पण धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं चालत नाही. टाकीतले ५० आणि दोन कॅनमधले ३६, झाले ८६. हाताशी जेमतेम चार लिटर उरतं, म्हणजे पेट्रोल गाडीला तिसरा कॅन लागतोच. डिझेल वेगळ्या वर्गात येतं, त्याला ही १०० लिटरची मर्यादा नाही. दोन कॅनमध्ये ३६ लिटर घेतलं की ८६ होतात, वीसेक लिटर हाताशी राहतं. काही जण हानलेहून लेहला परत न येता त्सो कार तलावावरून थेट मनाली रस्त्याला लागतात; तसं केलंत तर लेह ते तांदी हा टप्पा आठशेच्या पुढे जातो. तो मोह टाळा, कारूला येऊन टाकी भरा.

कॅनमध्ये नेण्याच्या बाबतीत तर दोन्ही इंधनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते. बीएस-६ डिझेलला त्यासाठी किमान ३५ अंश लागतात. लेहला भरलेला पेट्रोलचा कॅन खिंडीवर नेऊन झाकण सैल केलं की सूंऽऽ करून वाफ बाहेर येते, कारण बाहेरचा दाब घटलेला असतो. त्या क्षणी शेजारी कुणी चहाला स्टोव्ह पेटवलेला असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. कॅन कुठल्याही इंधनाचा असो, धातूचा घ्या, वीसच्या कॅनमध्ये अठराच भरा, पंपावर भरताना तो जमिनीवर ठेवा म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही, आणि नेताना टपावरच्या कॅरियरला पट्ट्यांनी आवळा. पंपवाल्याला रोख पैसे द्यायची तयारी ठेवा. नेट गेलं की स्कॅनर नुसता भिंतीवर असतो.

म्हणजे या फेरीला डिझेल. आता तुमच्या मेकॅनिकचं ऐकू या, कारण तो जे सांगतोय ते परतल्यावरचं आहे.

बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाची जाळी असते. ती काजळी अडवते. काही शे किलोमीटरला ती भरत आली की गाडी आपण होऊन जास्तीचं डिझेल सोडते, धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात. त्याला पंधरा-वीस मिनिटं सलग, ताशी ५०-६० च्या वर चालणारी गाडी लागते. तुमचा शाळेचा फेरा तीन किलोमीटरचा. इंजिन धड तापायच्या आत गाडी बंद. रीजनरेशन सुरू होतं, अर्धवट तुटतं. पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. जळायला सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. हे डोळ्यांनी बघता येतं : सकाळी, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा बुडवून बघा. ऑईल ‘मॅक्स’च्या खुणेच्या वर चढलं असेल, पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ऑईल वाढलेलं नाही, बिघडलेलं आहे. किलोमीटर किती झाले ते न बघता बदला. बदलताना कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑईल घ्या. जास्त राखेचं ऑईल जाळीत अशी राख सोडतं जी कुठल्याही रीजनरेशनने जळत नाही.

रीजनरेशन चालू असल्याच्या खुणा ओळखायला शिका. उभ्या गाडीचा आरपीएम ७५०-८०० ऐवजी हजाराकडे जातो, क्षणाचं ॲव्हरेज एकदम पडतं, बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो, चाकापाशी गरम, करपट वास येतो. असं दिसलं की घरी वळू नका, महामार्गावर वीस मिनिटं फेरी मारून या. डीपीएफचा पिवळा दिवा लागला तरी हाच उपाय. दिवा लुकलुकायला लागला किंवा इंजिनाचा दिवाही जोडीला आला आणि गाडीने जोर सोडला, तर मात्र वर्कशॉप गाठा. मग तिथे यंत्र लावूनच जाळी साफ करावी लागते. डीपीएफ कापून टाकायचा सल्ला देणारे भेटतील. ते बेकायदा आहे, पीयूसीत अडकाल आणि वॉरंटीही जाईल.

दुसरा भाग डीईएफचा, म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या ३२.५ टक्के युरियाच्या द्रावणाचा. निळ्या झाकणाची वेगळी टाकी असेल तर तुमच्या गाडीला तो लागतो. या आकाराच्या गाडीला हजार किलोमीटरला लिटर-दीड लिटर, म्हणजे पूर्ण फेरीत १४ ते २१ लिटर. संपत आला की पडद्यावर किलोमीटरची उलटी मोजणी सुरू होते आणि शून्यावर आल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही. श्रीनगरला शिरण्याआधी टाकी भरा, दहा लिटरचा एक सीलबंद कॅन सोबत ठेवा, नेपाळमध्ये शिरण्याआधी पुन्हा भरा. डब्यावर आयएसओ २२२४१ असावं. उणे ११ अंशांना तो गोठतो, पण गाडी टाकी तापवून तो वितळवते, त्याची चिंता नको. फक्त गोठताना तो फुगतो म्हणून काठोकाठ भरू नका. चुकून डिझेलच्या टाकीत ओतला गेला तर चावीसुद्धा फिरवू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. पेट्रोल भरलं गेलं तरी हेच : हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलच देतं, पेट्रोल ते धुऊन टाकतं. नोझल टाकीत जाण्याआधी पंपावरची अक्षरं दर वेळी वाचा.

लडाखमध्ये जास्त त्रास देतं ते पाणी. लहान पंपांच्या साठवण टाकीत, कॅनमधून विकणाऱ्यांच्या पिंपात ते असतंच. कॉमनरेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब १,६०० बारच्या पुढे असतो. तिथे पाण्याचा थेंब इंजेक्टरच्या तोंडाला गंज आणतो आणि चार इंजेक्टरचा खर्च म्हणजे तुमच्या फेरीतलं सगळं वाचलेलं डिझेल. डिझेल फिल्टरच्या तळाशी निचऱ्याचं बूच असतं. इंजिन बंद करून ते अर्धा-एक फेरा सैल करा आणि पेलाभर डिझेल काचेच्या बरणीत घ्या. पाच मिनिटं बरणी हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा, स्वच्छ थर दिसतो, वर पिवळसर डिझेल तरंगतं. निव्वळ डिझेल येईपर्यंत सोडत राहा. हे सांगलीतल्या वर्कशॉपमध्ये एकदा स्वतःच्या हाताने करून शिका, म्हणजे लेह-मनाली रस्त्यावरच्या पांगच्या वाऱ्यात बूच शोधत बसावं लागणार नाही. सोबत एक नवा डिझेल फिल्टर, एक एअर फिल्टर. फिल्टर बदलल्यावर लाईनमध्ये हवा शिरते. हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबा, नसेल तर स्टार्टर न मारता चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा.

थंडीचं. सप्टेंबरात सारचू, हानलेला पहाटे पारा शून्याखाली जातो. डिझेलमध्ये मेण असतं, गारठ्यात ते दाणेदार होऊन फिल्टर चोंदवतं. भारतीय मानकात उन्हाळी डिझेल १८ अंशांपर्यंत आणि हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं तरी चालतं. प्रत्यक्षात ते यापेक्षा बरंच सोसतं, पण सपाटीवरचं डिझेल लडाखच्या पहाटेसाठी बनलेलं नसतं. उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास हिवाळी डिझेल २०१९ पासून लडाखमध्ये येतं, पण ते कडाक्याच्या थंडीसाठी. तुम्ही एवढंच करा : कारगिल-लेहला पोचताना टाकी पाव भागावर येऊ द्या आणि तिथलंच डिझेल भरा. रात्री गाडीचं तोंड पूर्वेला ठेवा. पहाटे ग्लो प्लगचा (थंड इंजिन तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझल्याशिवाय स्टार्टर मारू नका, चावी दोनदा ऑन करून मग मारा. तरीही घेतली नाही तर ऊन अंगावर येईपर्यंत थांबा. रॉकेल मिसळायचा जुना उपाय बीएस-६ ला विष आहे, आणि टाकीखाली शेकोटी कुणी सांगितली तरी करू नका.

नेपाळमधलं इंधन इंडियन ऑईलकडूनच जातं, मोतिहारी ते अमलेखगंज पाइपलाइन २०१९ पासून चालू आहे. बीएस-६ गाडीला तिथे अडचण नाही. रोजचं भंसार (सीमाशुल्क) आणि गाडीचा परवाना सीमेवर काढावा लागतो. तवांगच्या वाटेवर पंप आहेत. तेजपूरला टाकी भरा आणि पुढे अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. एकच जागा सांभाळा, दिल्ली. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ पासून निर्बंध आलेत. तुमच्या नव्या गाडीला आज त्याची झळ नाही, पण बारा वर्षांनी हीच गाडी घेऊन उत्तरेला जायचं असेल तर लक्षात असू द्या.

आता निर्णय. डिझेल घ्या, पण एका अटीवर : नातवाची शाळा आणि बाजार स्कूटरवर जाईल आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी कोल्हापूरपर्यंत किंवा सोलापूरच्या दिशेने अर्धा तास सलग धावेल. महिन्याची पुणे फेरी एकटी पुरणार नाही, कारण दोन फेऱ्यांमध्ये जाळी भरून जाते. पावसात नातवाला स्कूटरवर नेणं जमणार नसेल, किंवा दर रविवारी गाडी काढायचा कंटाळा येईल असं मनातून वाटत असेल, तर टर्बो पेट्रोल घ्या आणि उमलिंग ला सोडून हानलेहूनच मागे फिरा. लेह ते हानले ते कारू पाचशेच्या आत बसतं, ते ५० लिटरच्या टाकीला आणि दीड कॅनला झेपतं. नवी पेट्रोल गाडी २० टक्के इथेनॉलला चालणारीच असते. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून कागदावरच्या ॲव्हरेजवर हिशेब करू नका, वर दिलेले आकडे धरा.

गाडी जूनमध्येच ताब्यात घ्या, ऑगस्टमध्ये नको. निघण्याआधी तीन हजार किलोमीटर तरी चालवा, म्हणजे पहिली सर्व्हिस घरी होईल, दोन-तीन रीजनरेशन तुमच्या ओळखीची होतील आणि कारखान्यातून राहिलेली एखादी गळती सांगलीत दिसेल. दहा हजारांची सर्व्हिस साधारण लखनौ-गोरखपूरच्या आसपास येते. ती नेपाळमध्ये शिरण्याआधी उरकून घ्या, त्याच ग्रेडचं एक लिटर ऑईल डिकीत ठेवा आणि फिल्टरचे पार्ट नंबर आजच मॅन्युअलमधून वहीत उतरवून घ्या.